आजोळ, संगोपन आणि शासन

प्रस्तुत टिपणाचा विषय आप्तांनी केलेल्या बालसंगोपनास लाभलेला शासकीय आधार हा आहे. ‘संगोपन’ या शब्दाच्या मुळाशी ‘गुप्’, म्हणजे रक्षण करणे, हा धातू आहे. हे रक्षण आपल्या समाजात पूर्वापार आजोळाने आणि चुलत्यांनी केले. मातृवियोगानंतर बाल जोतीराव फुले यांना सांभाळले ते नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनीच.

१८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने अशा आप्तास न्यायालयाद्वारा अधिकार मिळण्याची सोय केली; पोषणाचा खर्च मात्र त्याच्याच माथी राहिला. पुढे महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेने मुलास संस्थेत न धाडता कुटुंबातच वाढविण्यासाठी मासिक अनुदान देऊ केले. पूर्वी ४२५ रुपये असलेली ही रक्कम २०२१ मध्ये १,१०० आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली. त्याच सुमारास योजनेस सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. हा योग अर्थपूर्ण होय.

तथापि डोंबिवलीच्या चाळीत नातवंडे वाढविणाऱ्या आजीस हे साहाय्य आपोआप मिळत नाही. मृत्यूचे दाखले, शिधापत्रिका, शाळेचे प्रमाणपत्र घेऊन तिला ठाण्याचे जिल्हा कार्यालय गाठावे लागते. बालकल्याण समितीचा आदेशही आवश्यक असतो. ‘आजी’ हे नाते भाषेत स्वयंसिद्ध आहे. कागदावर ते सिद्ध करावे लागते. ज्याने मुलाचा भार उचलला, त्याच्यावरच पुराव्याचाही भार पडतो. अनुदानवाढीइतकाच हा भार हलका करण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे.