दिल्लीचा संघ, परसद्याचं मैदान

दिल्ली डेअरडेव्हिल्सचा २०१३ चा आयपीएल हंगाम दिल्लीकरांना आठवायलाही नको असेल. सोळा सामने, तीन विजय, गुणतक्त्यात अगदी तळाला. मी मात्र रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेला. त्या तीनपैकी दोन विजय आमच्या परसद्याच्या मैदानावरचे, त्यामुळे तो हंगाम मला तरी कधीच पडका वाटला नाही.

परसदा हे नव्या रायपूरमधलं गाव. २०१२ च्या अखेरीस छत्तीसगढचं मंत्रालय जुन्या शहरातून तिकडे गेलं, पण संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या परतल्या की ते रुंद रस्ते ओस पडत. स्टेडियम त्याच्या आधीपासूनच, २००८ पासून उभं होतं. त्याला नाव शहीद वीर नारायण सिंह यांचं. सोनाखानच्या या जमीनदारानं दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातलं धान्य उपाशी लोकांना वाटलं; इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच त्यांना मृत्युदंड दिला. एवढं मैदान, एवढं नाव, आणि खेळायला स्वतःचा रणजी संघ नाही! छत्तीसगढच्या मुलांना तेव्हा मध्य प्रदेशच्या संघात जागा मिळवावी लागे.

अशा वेळी दिल्लीनं या मैदानाला आपलं दुसरं घर केलं. २८ एप्रिल २०१३ चा पहिलाच सामना पुणे वॉरियर्सशी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. आमच्या गल्लीत त्या दिवशी वाद झाला नसता तरच नवल. ज्येष्ठ मंडळी पुण्याच्या बाजूची, पोरं दिल्लीची. पोरांकडे भक्कम मुद्दा होता : दिल्लीच्या संघात खापरखेड्याचा उमेश यादव होता, आणि नागपूर आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळचं. डेव्हिड वॉर्नरनं नाबाद ५१ केल्या, दिल्ली १५ धावांनी जिंकली. १ मे रोजी आदल्या वर्षीचे विजेते कोलकाता नाइट रायडर्स आले. त्यांना १३६ वर रोखून दिल्लीनं सात गडी राखून सामना घेतला. वॉर्नर पुन्हा नाबाद, ६६. आपल्या गावी आलेला संघ जिंकूनच जातो, असं शहराला वाटायला लागलं ते तेव्हापासून. पुण्याचा तो संघ त्याच वर्षी स्पर्धेतून कायमचा गेला.

२०१४ मध्ये दिल्ली आली नाही. त्या सप्टेंबरात चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी इथे झाली आणि मुंबई इंडियन्स लाहोर लायन्सकडून हरले. तात्यापाऱ्यात त्या रात्री फार कोणी बोललं नाही.

२०१५ मध्ये दिल्ली परतली, हैदराबादकडून सहा धावांनी हरली. पण १२ मे रोजी चेन्नईविरुद्ध श्रीरामपूरच्या झहीर खाननं चार षटकांत अवघ्या नऊ धावा देऊन दोन बळी घेतले. माझ्या मते या मैदानावरची दिल्लीची सर्वांत सुंदर गोलंदाजी तीच. वेग ओसरलेला, गुडघे थकलेले, तरी चेंडू कुठे टाकायचा हे पक्कं ठाऊक. चेन्नईला ११९ च करता आल्या.

पुढच्या वर्षी झहीर कर्णधार होता. २० मे २०१६ ला हैदराबादविरुद्ध शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. करुण नायरनं भुवनेश्वर कुमारला चौकार मारला. तो ८३ वर नाबाद राहिला. दोनच दिवसांनी कोहलीच्या बंगळुरूनं दिल्लीला हरवलं आणि बाद फेरीची आशा संपली. तीन हंगामांत घरचे सहा सामने, चार विजय. त्यानंतर हा संघ इथे घर म्हणून परतला नाही.

मला त्याचं दुःख आहे, पण तक्रार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये छत्तीसगढला क्रिकेट मंडळाचं पूर्ण सदस्यत्व मिळालं होतं, म्हणजे आता आमचा स्वतःचा रणजी संघ होता. त्या वर्षी रणजीचे सामने त्रयस्थ मैदानांवर होत, म्हणून आमचा पहिला सामना ऑक्टोबरात रांचीला झाला. समोर त्रिपुरा, आमचा कर्णधार मोहम्मद कैफ. छत्तीसगढनं तो नऊ गडी राखून जिंकला.