कार्बोरेटरचा स्क्रू कुठे गेला?

भाजे लेण्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी बाईक्सची रांग लागलेली असते. पुण्याची मंडळी कामशेतकडून जवळपास सपाटीने येतात, मुंबईची मंडळी बोरघाट चढून. (एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे जुना हायवे. आणि वाटेत वडापाव, हे ओघाने आलंच.) खोपोली ते मळवली म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरचा चढ. आपल्याला त्यात जाणवतो तो गारवा. इंजिनाला जाणवतं ते वेगळंच: हवा विरळ झाली.

हे नुसतं म्हणायला नाही, बघता येतं. माझ्याकडे बाईकच्या डायग्नॉस्टिक सॉकेटला लावायचा एक छोटा ब्लूटूथ ॲडॅप्टर आहे. किल्ली ऑन, इंजिन बंद, अशा वेळी इनटेकमधला प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. खोपोलीत १०० किलोपास्कलच्या जवळ असलेला आकडा भाज्याला ९४ च्या आसपास येतो. म्हणजे बाईक चक्क बॅरोमीटर घेऊन फिरते, आणि त्या हिशोबाने पेट्रोल कमी करते. कुणीही पाना-पेचकस हातात न घेता!

पूर्वी हे काम पेचकसाचंच होतं. तर आजचा विषय तो पेचकस, तो स्क्रू, आणि तो गेला कुठे.

कार्बोरेटर (आमच्या गल्लीत ‘कार्बेटर’) हे तसं फार सुंदर यंत्र. हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे दाब कमी होतो, आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपसूक वर ओढलं जातं. ना वायर, ना चिप. पण त्याला हवेचं वजन कळत नाही. उंचावर हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण ‘रिच’ होतं. बोरघाटात हा फरक किरकोळ, पण लडाखला खारदुंग-लावर (५३५९ मीटर) हवेचा दाब जवळजवळ निम्मा असतो. तिथे कार्बोरेटरवाल्या गाड्या धापा टाकायच्या आणि जाणकार लोक बॅगेत लहान जेट घेऊन जायचे.

रोजच्या आयुष्यात ही जुळवाजुळव गॅरेजवाला करायचा. एअर स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, कान इंजिनाकडे, मग प्लग काढून रंग बघणं: काळा म्हणजे रिच, पांढुरका म्हणजे लीन, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे उत्तम. ह्या ज्ञानाचं कुठलंही मॅन्युअल त्याच्याकडे नव्हतं. पण ते ज्ञान सर्वांसाठी खुलं होतं, हे महत्त्वाचं. शेजारी स्टूल टाकून बसलेला कुठलाही पोरगा बघून बघून शिकायचा.

इंजेक्शन ही कल्पना काही नवीन नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते होतं, पण यांत्रिक. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीचा प्रयत्न पन्नासच्या दशकात फसला आणि ते पेटंट जर्मनीच्या बॉशकडे गेलं. बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं. त्यातला ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, जर्मनमध्ये दाब! इनटेकमधला दाब मोजायचा आणि त्यावरून पेट्रोल ठरवायचं. भाज्याच्या पार्किंगमधला माझा ९४ चा आकडा त्याच वंशावळीतला. मोटरसायकलीत हे तंत्र १९८० च्या सुमारास कावासाकीच्या झेड १००० ने आणलं.

आपल्याकडे? २००६ साली हिरो होंडा ग्लॅमर एफआय आली. आणि २००७ मध्ये आपल्या पुण्याच्या बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय काढली. तेव्हा आयटीतल्या निम्म्या पोरांच्या डेस्कटॉपवर तिचा वॉलपेपर असायचा! पण पुढचा भाग जास्त मजेशीर आहे. २००९ मध्ये बजाजने हीच २२० पुन्हा बाजारात आणली, पण इंजेक्शन काढून आणि कार्बोरेटर लावून. किंमत कमी, आणि ताकद उलट थोडी जास्त: २० ऐवजी २१ पीएस. ‘द फास्टेस्ट इंडियन’ ही जाहिरात आठवते ना? ती ह्या कार्बोरेटरवालीची. आणि ती तुफान चालली.

२०१२ साली तर गंमत अजून वाढली. चाकणला बनणारी केटीएम २०० ड्यूक इंजेक्शनवाली, आणि तिच्याच इंजिनाशी नातं सांगणारी पल्सर २००एनएस कार्बोरेटरवाली. म्हणजे तंत्रज्ञान हाताशी होतं. फक्त आपल्या रस्त्यांवर त्याची सक्ती नव्हती.

सक्ती केली ती धुराने. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ (त्याच्या आदल्या दोन दिवसांत बीएस-३ गाड्यांच्या डिस्काउंटसाठी शोरूमबाहेर लागलेल्या रांगा विसरणं शक्य नाही), आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. बीएस-६ च्या मर्यादा जुन्या साध्या कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. पल्सर २२० ला तेव्हा इंजेक्शन परत आलं. २००७ ला आत, २००९ ला बाहेर, २०२० ला पुन्हा आत. एखादं फीचर रोलबॅक होऊन तीन रिलीजनंतर परत येतं, तसंच!

आता मूळ प्रश्न. स्क्रू गेला कुठे? तर तो एका तक्त्यात गेला. ईसीयूमध्ये एक टेबल असतं: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किंवा इनटेकचा दाब, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. ६००० आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिनाची एक पूर्ण फेरी वीस मिलिसेकंदांत संपते, तेवढ्यात सगळे सेन्सर वाचून, दोन चौकोनांमधली किंमत काढून, पेट्रोल सोडून मोकळं व्हायचं. आणि सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर मागून सांगत राहतो: जास्त झालं, कमी झालं. जुना मेकॅनिक प्लगचा रंग बघून महिन्यातून एकदा जे करायचा, ते हा सेकंदाला कित्येक वेळा करतो.

म्हणजे ट्यूनिंग संपलं नाही. एका स्क्रूच्या जागी शेकडो स्क्रू आले. फक्त ते कुलूपबंद खोलीत आहेत.

त्या खोलीची किल्ली मिळवायचे प्रयत्न अर्थातच झाले. अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो ह्या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाचा घरी सोल्डर करून जोडता येणारा ईसीयू लोकांना दिला. आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक अनेक ड्यूकवाल्यांनी लावला. तो मूळ ईसीयू आणि इंजिनाच्या मध्ये बसतो आणि आकडे बदलतो.

इथे माझ्यातला प्रोग्रॅमर म्हणतो: वा! दे लॅपटॉप! पण जरा थांबा. बाजारात सगळ्यात स्वस्त ‘ट्यूनिंग’ म्हणजे सेन्सरच्या वायरमध्ये एक रेझिस्टर घालून ईसीयूला खोटं सांगणं. इंजिन थोडं रिच चालतं, पिकअप वाढल्यासारखा वाटतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. हा फरक धडधाकट ऑक्सिजन सेन्सर बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. त्याचीच जीभ कापली तर सांभाळणार कोण? शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रेसट्रॅकची गोष्ट वेगळी. पण रस्त्यावरची हवा आपल्या एकट्याची नाही. भाज्याच्या गावकऱ्यांचीही आहे, आणि त्यांनी काही आपला पिकअप वाढवायला सांगितलेलं नाही.

मग घरी काय करायचं? बरंच काही. एअर फिल्टर, प्लग, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, थ्रॉटल बॉडीची सफाई, बॅटरीचं व्होल्टेज, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी (मावळच्या पावसात हे पहिलं तपासा!). इंजेक्शनवाल्या गाडीच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात, तक्त्याला हात न लावता.

पण त्यासाठी गाडी काय म्हणतेय ते आधी वाचता आलं पाहिजे. माझा खरा मुद्दा हाच आहे. लिहिण्यावर बंधन असू दे, मला मान्य आहे. वाचण्यावर का? प्रत्येक कंपनीचं वेगळं सॉकेट, वेगळे कोड आणि फक्त सर्व्हिस सेंटरलाच मिळणारं सॉफ्टवेअर, ह्यात गल्लीतला तो गॅरेजवाला आंधळा होतो. त्याचे कान अजून शाबूत आहेत, पण इंजिन आता कानाशी बोलत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. सुरुवात चांगली आहे. पण फॉल्ट कोड आणि सेन्सरचे आकडे प्रत्येक मालकाला आणि प्रत्येक मेकॅनिकला साध्या मोबाईलवर दिसले, तरच स्टुलावर बसलेला पुढचा पोरगा काही शिकेल.

स्क्रूने पिढ्यानपिढ्या मेकॅनिक घडवले, कारण तो सगळ्यांना दिसत होता. तक्ताही घडवेल. आधी तो दिसू तर द्या.