बालोद्यानातील माती : ब्लँकेनबर्ग ते कोसबाड

'बालवाडी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातील 'वाडी'कडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाडी म्हणजे जशी वस्ती, तशीच कोकणातील नारळी-पोफळीची बागही. हा दुसरा अर्थ बालशिक्षणाच्या इतिहासात कसा मागे पडला आणि तो पुन्हा कोठे भेटतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२-१८५२) याने जर्मनीतील ब्लँकेनबर्ग येथे १८३७ मध्ये बालसंस्था सुरू केली व १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. तरुणपणी वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी केलेल्या या शिक्षणतज्ज्ञाच्या दृष्टीने हे नाव केवळ रूपक नव्हते. त्याच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असे. जागा अपुरी पडल्यास दोघांत एक. आपल्या वाफ्यात काय लावावे, कसे लावावे हे मुलाने ठरवावयाचे. या छोट्या वाफ्यांभोवती सर्वांच्या सामाईक लागवडीची जमीन असे. व्यक्ती ही समष्टीच्या कुशीत वाढते, हा विचार त्याने असा जमिनीवरच आखला होता. वाफ्यात चूक झाली तर रोप मरते. शिक्षकाने रागवण्याची गरज उरत नाही. खेळ आणि जबाबदारी यांची अशी सांगड अन्य साधनांनी क्वचितच साधते.

प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये या संस्थांवर बंदी घातली. पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या मतांशी झालेली गल्लत त्यास कारणीभूत ठरली, असे मानले जाते. बंदी १८६० मध्ये उठली. तथापि ते पाहण्यास फ्रोबेल हयात नव्हता. दरम्यान ही कल्पना देशाबाहेर पोहोचली होती. अमेरिकेतील वॉटरटाउन येथे १८५६ मध्ये असा वर्ग सुरू झाला. मात्र या प्रवासात एक मोठा बदल घडला. फ्रोबेलची 'देणगी' नावाची साधने, म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन व दंडगोल, पेटीत भरून कोठेही नेता येत होती. पुढे त्यांचे कारखान्यांतून उत्पादनही होऊ लागले. बाग पेटीत मावत नव्हती. शहरी वर्गखोल्यांत त्यामुळे किंडरगार्टन राहिले आणि गार्टन बव्हंशी दाराबाहेर राहिले.

महाराष्ट्रात याच्या नेमक्या उलट दिशेने जाणारा प्रयोग झाला. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने व काटक्या हीच साधने झाली. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. यातूनच 'अंगणवाडी' उभी राहिली. घरकाम करता करता आईला आपले मूल काय शिकते ते दिसू लागले. पालक-प्रबोधनाच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे अधिक परिणामकारक असावे.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखत. निसर्ग त्यांना नवा नव्हता. झाडे, पाखरे, पाऊस यांची त्यांची जाण शिक्षकांपेक्षा कमी असण्याचे कारण नव्हते. त्यांना उणीव होती ती मोकळ्या वेळेची. ज्या मोकळ्या हवेत शहरातील मूल खेळावयास जाते, तीच या मुलांची कामाची जागा होती. निसर्गसान्निध्याचा गौरव करणाऱ्या लेखनात हा भेद बहुधा सुटतो. कोसबाडला तो सुटला नाही. मुले गुरे सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरांवर नजर ठेवूनच तेथे खेळ, गाणी व अक्षरओळख चाले. ही 'कुरणशाळा' होय. फ्रोबेलने मुलासाठी बाग आखली होती. येथे मूल जेथे होते, तीच जागा शाळा मानली गेली.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले व ते देशभर गेले. पोषण आणि लसीकरण या तिच्या बाजू महत्त्वाच्या आहेत, यात शंका नाही. मात्र अनेक केंद्रे एका खोलीत भरतात आणि नावातील अंगण त्यांच्या वाट्याला येतेच असे नाही. 'कुरणशाळा' हा शब्द तर कोणत्याही शासकीय योजनेने उचलला नाही.