स्कीमाधारित ऑटोकम्प्लीट

दस्तऐवजाची रचना कशी असावी हे सांगणारी नियमावली म्हणजे स्कीमा. ही नियमावली वाचून, कर्सर जिथे थांबला आहे तिथे पुढे काय काय लिहिणे नियमात बसते, हे शोधायचे आणि त्याची यादी लिहिणाऱ्यापुढे ठेवायची, या एडिटरमधील सोयीला स्कीमाधारित ऑटोकम्प्लीट म्हणतात. एक्सएमएल, जेसन आणि यॅमल या स्वरूपांतील फायलींसाठी तिचा मुख्य वापर होतो. प्रोग्रामिंग भाषांतील ऑटोकम्प्लीट मुख्यतः प्रोग्रामात आधी आलेली नावे गोळा करते. इथे मात्र फाईल पूर्ण कोरी असली तरी यादी तयार असते, कारण ती फायलीतून येत नाही, स्कीमातून येते.

स्कीमा मुळात परीक्षकाच्या कामासाठी लिहिला जातो: दस्तऐवज पुरा झाला की तो बरोबर की चूक हे सांगायचे. तोच स्कीमा लिहिताना हाताशी धरायचा, तर त्याला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. ‘हे सगळे बरोबर आहे का?’ याऐवजी ‘इथपर्यंत हे लिहिले आहे, आता पुढे काय चालेल?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट दस्तऐवजावरून द्यायचे असते आणि या तंत्रातली खरी अडचण तिथेच आहे.

एक्सएमएलचे पूर्वरूप असलेले एसजीएमएल हे 1986 साली आयएसओ 8879 म्हणून प्रमाणित झाले. त्यात प्रत्येक दस्तऐवजाला डीटीडी, म्हणजे घटकांची व्याख्या, जोडलेलाच असे. त्यामुळे ईमॅक्स एडिटरसाठी लेनार्ट स्टॅफ्लिन यांनी लिहिलेल्या पीएसजीएमएल मोडला डीटीडी वाचून त्या जागी चालणारे टॅग सुचवता येत. 1998 साली एक्सएमएल 1.0 आले आणि डीटीडी ऐच्छिक झाला. टॅगांची उघडझाप नीट असली की दस्तऐवज सुघटित ठरू लागला. लिहिणाऱ्याची त्यामुळे सुटका झाली, पण एडिटरचा आधार गेला. 2001 साली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेने एक्सएमएल स्कीमा (एक्सएसडी) जाहीर केला. त्याच वर्षी जेम्स क्लार्क यांची ट्रेक्स आणि मुराता माकोतो यांची रिलॅक्स या दोन स्कीमाभाषा एकत्र येऊन रिलॅक्स एनजी तयार झाली.

‘पुढे काय चालेल’ या प्रश्नाचे सर्वांत सुबक उत्तर रिलॅक्स एनजीच्या बाजूने आले. 1964 साली यानुश ब्रझोझोव्स्की यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुराच्या नमुन्याचा, ‘डेरिव्हेटिव्ह’ ही कल्पना मांडली होती. एक नमुना घ्यायचा, त्यातून वाचलेले एक चिन्ह वजा करायचे. जे उरते तो पुढच्या मजकुराचा नमुना. क्लार्क यांनी ही रीत चिन्हांच्या ओळीवरून एक्सएमएलच्या झाडासारख्या रचनेवर आणली. एक उदाहरण घेऊ. ग्रंथालयाच्या नोंदीचा स्कीमा म्हणतो: ‘ग्रंथ’मध्ये आधी एक ‘शीर्षक’, मग एक किंवा अधिक ‘लेखक’, नंतर असल्यास एक ‘अनुवादक’ आणि शेवटी ‘वर्ष’. सुरुवातीला यादीत फक्त ‘शीर्षक’ दिसेल. शीर्षक आणि एक लेखक लिहून झाले की उरलेला नमुना असा: आणखी कितीही लेखक, ऐच्छिक अनुवादक, मग वर्ष. या उरलेल्या नमुन्याच्या तोंडाशी जे जे येऊ शकते तीच यादी: ‘लेखक’, ‘अनुवादक’, ‘वर्ष’. अनुवादक लिहिला की यादीत एकटे ‘वर्ष’ राहते. वर्ष लिहिल्याशिवाय ‘ग्रंथ’ बंद करायचा टॅग यादीत येतच नाही. दस्तऐवज तपासणे आणि पुढचे सुचवणे ही दोन्ही कामे अशी एकाच हिशेबातून निघतात, दोन वेगळी यंत्रे लागत नाहीत.

क्लार्क यांच्याच एनएक्सएमएल मोडने हे ईमॅक्समध्ये करून दाखवले. 2009 साली आलेल्या ईमॅक्स 23मध्ये तो सोबतच देण्यात आला. लिहिणे चालू असताना तो मागे तपासणी करत राहतो आणि थोड्याथोड्या अंतरावर ‘इथे कोणता नमुना उरला होता’ हे साठवून ठेवतो. मोठ्या फायलीत मधली एक ओळ बदलली तर सुरुवातीपासून वाचावे लागत नाही. जवळच्या साठवलेल्या जागेपासून पुढे चालायचे. एकदा काढलेले डेरिव्हेटिव्हही जपून ठेवलेले असतात. स्कीमाविषयी ज्याला मनापासून आस्था आहे त्याने या मोडचा कोड एकदा तरी वाचावा. इतक्या कमी यंत्रसामग्रीत इतके स्वच्छ काम क्वचितच दिसते.

मर्यादाही नीट लक्षात घ्याव्या लागतात. ही यादी कर्सरच्या आधीच्या मजकुरावर उभी असते. वरच्या उदाहरणात खाली अनुवादक आधीच लिहिलेला असेल आणि लिहिणारा मध्ये आला, तरी यादी त्याला पुन्हा ‘अनुवादक’ सुचवेल. चूक तो टॅग घातल्यावर खाली लाल रेघेने दिसेल. आधीच्या मजकुरातच चूक असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. काटेकोर तपासनीस पहिल्या चुकीला थांबतो, एडिटरला मात्र थांबून चालत नाही. चुकीचा घटक ओलांडायचा, तो नसल्यासारखा धरायचा आणि पुढची यादी द्यायची, अशी तडजोड करावी लागते.

स्कीमाभाषेनुसार यादीचा कस बदलतो. डीटीडीत एका नावाच्या घटकाची व्याख्या सगळीकडे एकच असते आणि मूल्यांबद्दल त्याला फारसे सांगता येत नाही. एक्सएसडीत तारीख, पूर्णांक, ठरावीक पर्याय असे प्रकार आहेत, शिवाय स्पष्टीकरणाची जागा आहे. चांगला एडिटर ते यादीशेजारी दाखवतो. पण तांत्रिक भाग सर्वस्व नाही. स्कीमा फक्त तपासणीसाठी लिहिलेला असेल तर तो सैल असतो आणि सैल स्कीमातून निघालेली लांबलचक यादी कुणाच्या उपयोगाची नसते. प्राचीन आणि साहित्यिक ग्रंथांच्या डिजिटल संपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या टीईआय प्रणालीत पाचशेहून अधिक घटक आहेत. म्हणून तिथे प्रत्येक प्रकल्पाने हवे तेवढेच घटक ठेवून स्वतःचा छाटलेला स्कीमा करून घेण्याची रीत आहे. ही छाटणी झाली की हस्तलिखितावर काम करणाऱ्या अभ्यासकाला कर्सरपाशी वीसेक नेमके टॅग दिसतात, आणि तो संगणकतज्ज्ञ नसला तरी काम पुढे सरकते.

जेसन स्कीमाचा पहिला प्रस्ताव 2007च्या सुमारास क्रिस झिप यांनी मांडला. जेसनच्या ऑब्जेक्टमध्ये क्रमाला महत्त्व नसल्याने इथे हिशेब सोपा होतो: स्कीमातील सर्व नावे, वजा आधीच लिहिलेली नावे. गुंता होतो तो ‘यांपैकी नेमका एक’ अशा पर्यायी शाखांमुळे. लिहिणारा कोणत्या शाखेत आहे हे अर्धवट मजकुरावरून ठरत नसेल, तर सगळ्या शाखांची नावे एकत्र करून दाखवण्यावाचून गत्यंतर नसते. यॅमलमध्ये भर पडते ती समासाची. रिकाम्या ओळीवर कर्सर किती रकाने आत आहे यावरच तो कोणत्या पातळीत लिहितो आहे हे ठरते.

कोणत्या फायलीला कोणता स्कीमा, हेही ठरवावे लागते. एक्सएमएलमध्ये डॉकटाइपची ओळ किंवा स्कीमाचे ठिकाण सांगणारे अॅट्रिब्यूट असते, जेसनमध्ये डॉलरचिन्हाने सुरू होणारी ‘स्कीमा’ ही नोंद. रिलॅक्स एनजीने असा दुवा दस्तऐवजात ठेवणे मुद्दाम टाळले, म्हणून एनएक्सएमएल नेमस्पेस, मूळ घटक किंवा फायलीचे नाव पाहून नियमांच्या वेगळ्या फायलीतून स्कीमा शोधतो. मॅड्स क्रिस्टेन्सन यांनी सुरू केलेल्या स्कीमास्टोअर या संग्रहात प्रचलित फायलींचे जेसन स्कीमा फायलींच्या नावांसह नोंदलेले आहेत. स्कीमा दर वेळी जालावरून आणू नये, त्याची प्रत जवळ ठेवावी, हा धडा महागात मिळालेला आहे: 2008 साली डब्ल्यू3सीने कळवले की डीटीडीसारख्या फायलींसाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला 13 कोटींपर्यंत मागण्या येतात. त्यांपैकी पुष्कळ मागण्या तीच फाईल पुन्हापुन्हा मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या होत्या.

2016 साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाल्यावर हे काम एडिटरमधून बाहेर आले. स्कीमा समजणारा सर्व्हर वेगळा चालतो. एडिटर त्याला फाईल आणि कर्सरची जागा कळवतो, सर्व्हर यादी परत देतो. लेमिंक्स हा एक्सएमएलचा आणि रेड हॅटने चालवलेला यॅमलचा सर्व्हर असे अनेक एडिटरांना एकाच वेळी पुरतात.

एक्सएमएलमधील नावे देवनागरीतही देता येतात, आणि मराठीत या सोयीला एक खास काम येते. ‘तऱ्हा’ या नावातला ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक्सएमएलच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत आणि डोळ्यांनी ही चूक सापडत नाही. यादीतून निवडलेले नाव मात्र स्कीमात ज्या संकेतांकांनी लिहिले आहे त्याच संकेतांकांनी फायलीत उतरते.