खर्ड्याची लढाई आणि संगणकावरचा पट

रणनीतीच्या संगणकीय खेळांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा मुलांच्या व्यसनाच्या अंगाने. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे वळून पाहण्याचे कारण काय, असा प्रश्न या पानांवर विचारला जाणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर सरळ आहे. बखर वाङ्मय शिकण्यासाठी आमच्यासमोर बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांना अठराव्या शतकातील मराठी राज्याची ओळख आधी शालेय पुस्तकातून, मग चित्रपटातून आणि त्यानंतर या खेळांतून झालेली असते. यांतली तिसरी ओळख सर्वांत घट्ट असते, कारण तेथे ते वाचक किंवा प्रेक्षक नसतात; ते स्वतः राज्य चालवतात. आम्हीही हे खेळ अनेक वर्षे आवडीने खेळत आलो आहोत. तेव्हा पुढील विवेचन शिकवणाऱ्यांचे आहे तसेच खेळणाऱ्यांचेही आहे.

युद्धाचा खेळ करणे ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे तो त्यातील मराठीच्या जुन्या खुणांमुळे. त्याच ग्रंथाच्या क्रीडाविंशतीत चतुरंगाचे, म्हणजे बुद्धिबळाचे, वर्णन येते. राजाने राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे हे सांगणाऱ्या ग्रंथातच त्याने कसे खेळावे हेही सांगितले आहे. परंतु बुद्धिबळाच्या पटाला भूगोल नाही. त्यावरचा राजा कोणत्याही देशाचा नसतो. संगणकावरच्या पटाने भूगोल आणला, काळ आणला, खजिना आणला. आणि तेथेच त्याने इतिहासलेखनाच्या प्रांतात पाऊल टाकले.

१

दोन खेळ उदाहरणादाखल घेऊ. 'एम्पायर : टोटल वॉर' हा ब्रिटिश कंपनीने केलेला खेळ २००९ साली आला. त्याची मोहीम १७०० साली सुरू होते आणि १७९९ साली संपते. खेळण्यासाठी उपलब्ध असलेल्या सत्तांमध्ये ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑटोमन यांच्या पंक्तीला मराठे आहेत. दुसरा खेळ स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेचा, 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा काळ १४४४ ते १८२१. त्यात मराठी संस्कृतीचे एखादे राज्य वाढवत नेऊन मराठ्यांची सत्ता स्थापन करता येते.

मराठी खेळाडूला पहिला आनंद होतो तो जगाच्या नकाशावर आपले नाव पाहून. हा आनंद खोटा नाही. पण दुसऱ्या क्षणी अभ्यासकाला थबकायला होते. पहिल्या खेळात १७०० साली मराठ्यांचे नाव 'मराठा संघ' असे आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी संघ अस्तित्वात नव्हता. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले, पुढच्याच महिन्यात सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि ताराबाईंनी लढा पुढे चालवला. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठी ब्रह्मपुरीला चार-पाच वर्षे तळ देऊन बसलेला बादशहा नुकताच तेथून हलला होता. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्या संघाची घडण शाहू महाराजांच्या सुटकेनंतरची, म्हणजे १७०७ नंतरच्या काळातली. खेळाने शेवट आधी ठरवला आणि नाव आरंभाला दिले. असे दोष दाखवणे सोपे आहे आणि त्यात आम्हाला फार रस नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की खेळाचे नियम कोणत्या गोष्टीला कारण मानतात?

पहिल्या खेळात फौजेला खर्च लागतो, दाणावैरण लागत नाही. यमुना ओलांडून अब्दालीने रसद तोडली आणि उपासमारीने पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी ओढवून आणली, हे ज्या वाचकाने शेजवलकरांच्या 'पानिपत'मध्ये वाचले आहे त्याला ही उणीव लगेच जाणवते. त्या पटावर बुणगे नाहीत, यात्रेकरू नाहीत, उपाशी घोडी नाहीत. दुसरा खेळ या बाबतीत पुष्कळ सावध आहे. तेथे परक्या मुलखात फौज झिजते. तेथे प्रत्येक राज्यकर्त्याला प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि युद्ध असे तीन अंक मिळतात, शून्य ते सहा. व्यक्तिचित्रणाची ही पद्धत पाहून साहित्याच्या शिक्षकाला हसू येईल. पण बखरकारही शूर, मसलती, उधळ्या अशा दोन-चार विशेषणांत माणूस उभा करतच होता. फरक असा, की बखरीतले विशेषण घटनेच्या ओघात खोटे ठरू शकते, अंक मात्र कधी खोटा ठरत नाही.

२

आता खर्डा पाहू. बार्शीच्या वायव्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर, जामखेड तालुक्यात हे गाव आहे. मार्च १७९५ मध्ये येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. एका बाजूला पेशव्यांची हुजुरात, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले आणि सेनापतिपदी परशुरामभाऊ पटवर्धन. दुसऱ्या बाजूला निजाम अली आणि रेमंड या फ्रेंच सरदाराच्या हाताखालची कवायती पलटणे. गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली एकत्र लढल्याचा हा शेवटचा मोठा प्रसंग.

दिवसा झालेल्या लढाईने काहीच निर्णायक ठरले नव्हते. ग्रँट डफने दिलेला पुढचा वृत्तान्त मोठा विलक्षण आहे. रात्री घोड्यांना पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहान तुकडी निजामाच्या पहाऱ्याच्या समोर आली, गोळीबार झाला, आणि अंधारात निजामाच्या साऱ्या छावणीत घबराट पसरली. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. मराठ्यांनी वेढा दिला आणि थोड्याच दिवसांत तह झाला. परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, तीन कोटी रुपये आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क ओलीस, असा तो तह होता.

रणनीतीच्या खेळात यापेक्षा चांगला निकाल मागता येत नाही. थोड्या प्राणहानीत मोठा मुलूख मिळाला. खेळात अशा वेळी नकाशाचा रंग बदलतो. जिंकलेला प्रांत प्रशासकीय गुण खर्चून आपलासा करावा लागतो, आणि मग दुसरे युद्ध हरल्याशिवाय किंवा बंड झाल्याशिवाय तो सहसा जात नाही.

इतिहासात काय झाले? सात महिन्यांनी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, शनिवारवाड्यातील सज्जावरून पडून सवाई माधवरावांचा अंत झाला. वय एकवीस, वारस नाही. गादीच्या प्रश्नावरून नाना फडणीस, परशुरामभाऊ, शिंदे आणि रघुनाथरावांचे पुत्र यांच्यात जी मसलत-प्रतिमसलत चालली तिचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. पुण्यातून निघून महाडला राहिलेल्या नानांना बाजीरावाला गादीवर आणण्यासाठी आता निजामाचा पाठिंबा हवा होता. तो मिळवून देणारा माणूस पुण्यातच होता : खर्ड्याला ओलीस मिळालेला मुशीर-उल्-मुल्क! ऑक्टोबर १७९६ मध्ये महाडला करार झाला आणि खर्ड्याने दिलेला मुलूख व खंडणी सोडून देण्याचे नानांनी मान्य केले. मधल्या काळात मराठ्यांनी निजामाशी एकही लढाई हरली नव्हती.

खर्ड्याचे मर्म आम्हाला येथे दिसते. खेळ म्हणतो, निकाल बदला, नियम तेच राहतील. खर्डा सांगतो की निकाल कागदावर तसाच असतो आणि त्याखालचे नियम निघून जातात. वीस वर्षे ज्या माणसाने हा पट मांडला, त्याला ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या माणसांनी कैद केले. खेळाडूचीच सोंगटी झाली. संगणकाच्या खेळात हे घडू शकत नाही, कारण तेथे राजा मरतो, वंश बुडतो, पण खेळाडू अमर असतो. अल्पवयीन वारस गादीवर आला तर 'युरोपा'त कारभारी मंडळ येते, आणि मूळ नियमानुसार त्याला स्वतःहून युद्ध पुकारता येत नाही. बारभाईंनी मात्र १७७४ साली जन्मलेल्या पेशव्याच्या नावाने इंग्रजांशी सालबाईच्या १७८२ च्या तहापर्यंत युद्ध चालवले. कारभारी मंडळ कधी राजापेक्षा खंबीर असते आणि कधी राज्यच खाऊन टाकते. दोन्ही शक्यता एकाच नियमात बसवणे कोणत्याही यंत्राला अवघडच जाईल.

३

रणनीतीच्या खेळांची दुसरी शाखा अंतराळात जाते. १९९३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाविषयी लिहिताना ॲलन एमरिच या समीक्षकाने अशा खेळांचे चार क्रियापदांत वर्णन केले आणि तेच पुढे या प्रकाराचे नाव झाले. मराठीत ती क्रियापदे अशी होतील : शोधा, पसरा, उपसा, संपवा. वसाहतवादाची इतकी थोडक्यात केलेली व्याख्या क्वचित सापडेल.

तरीही अंतराळातील खेळ आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतात. ग्रह बहुधा रिकामे असतात आणि ते रिकामे आहेत हे खेळ उघड सांगतो. तीच चार क्रियापदे अठराव्या शतकाच्या दख्खनवर लावली की मुलूखही आपोआप रिकामा होतो. तेथे पाटील, कुलकर्णी, देशमुख, वतन, बलुते काही उरत नाही; उरतो एक रंग आणि एक उत्पन्नाचा आकडा.

अंतराळातील खेळांतही एक निराळी वाट आहे. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली 'एलिट' केला. आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह. खेळाडू तेथे सम्राट नसतो. एक लहानसे यान घेऊन या ग्रहावर स्वस्त मिळणारा माल त्या ग्रहावर विकणारा तो फिरता व्यापारी असतो. त्याला सीमा पुढे ढकलायची नसते. सीमेच्या दोन बाजूंचे भाव वेगळे असतात म्हणूनच त्याचे पोट भरते.

बार्शीकराला हा खेळ फार समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी अमलाखालचा हा गाव निजामाच्या राज्याला लागून होता आणि पलीकडच्या कापसावर, गळिताच्या धान्यावर येथली पेठ वाढली. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने आखलेली अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली ती या पेठेला मुख्य लोहमार्गाशी जोडण्यासाठी. पुढे ती निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत गेली. खर्ड्याच्या तहाने जी सरहद्द काही महिने हलवली, तिच्या आधाराने पुढची दीडशे वर्षे येथली माणसे जगली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा ती सरहद्द पुसली गेली. रणनीतीच्या पटावर हा इतिहास दिसत नाही. व्यापाराच्या पटावर निदान त्याची सावली पडते.

४

'असे झाले असते तर' हा प्रश्न मराठी वाङ्मयाने संगणकाची वाट न पाहता विचारला होता. त्याचे सर्वांत चोख उत्तर एका खगोलशास्त्रज्ञाने दिले हा योगायोग नसावा. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेल्याने देशभर वाचली जाते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोहोचतात जेथे विश्वासरावांना गोळी लागली नाही, पानिपत मराठ्यांनी जिंकले आणि ईस्ट इंडिया कंपनीला हातपाय पसरता आले नाहीत. पुरावा म्हणून त्यांच्या खिशात एका बखरीचे फाटके पान राहते.

या कथेत नारळीकर निकाल बदलून थांबत नाहीत. त्या जगात पेशवेही पूर्वीचे राहत नाहीत. विज्ञानाची कास धरली जाते, सत्ता हळूहळू लोकशाहीकडे सरकते. म्हणजे नियम बदलतात. आणि ज्याला दोन्ही इतिहास ठाऊक आहेत तो प्राध्यापक तेथे सर्वशक्तिमान नसतो. सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून तो जाऊन बसतो आणि श्रोते त्याला हुसकावून लावतात. खेळाडू आणि साहित्यिक यांतील अंतर या एका प्रसंगात सामावले आहे, असे आम्हाला वाटते. खेळ आपल्याला रिकामी खुर्ची देतो. ती आपली नव्हे याची आठवण कथा करून देते.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी खेळू नये असा मुळीच नाही. अंतर, खजिना, ऋतू, एकाच वेळी चार दिशांना पाहण्याची गरज या गोष्टी जितक्या लवकर खेळ शिकवतो तितक्या लवकर आमची व्याख्याने शिकवू शकत नाहीत. जे घडले ते अटळ होते ही समजूतही तो मोडतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची गरज असतेच. आमचे म्हणणे इतकेच, की खेळून झाल्यावर त्याच प्रसंगाची बखर वाचावी आणि तीन प्रश्न विचारावेत : या पटावर कोणाला स्थान नाही? कोणती गोष्ट आकड्यात मावली नाही? आणि मी ज्या जागेवरून आज्ञा देत होतो, त्या जागेवर प्रत्यक्षात कोण बसले होते, आणि त्याचे पुढे काय झाले? खर्ड्याच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाना फडणीस असे आहे. सारा पट जिंकूनही सुमारे दीड वर्षात तो स्वतःच्या हाताने परत करणारा खेळाडू कोणत्याही खेळात आम्हाला अजून भेटलेला नाही.