'मॅक्युलेट' : ठिपकेदार की डागाळलेले?

'स्पॉटेड' या परिचित इंग्रजी शब्दाला 'मॅक्युलेट' असा एक क्वचित आढळणारा पर्याय आहे. विशेषण म्हणून त्याचा उच्चार 'मॅक्युलिट' असा होतो. क्रियापद म्हणून 'मॅक्युलेट', म्हणजे डाग पाडणे, मलिन करणे. लॅटिन भाषेतील 'मॅक्युला' हे त्याचे मूळ. 'मॅक्युला' म्हणजे ठिपका आणि डागही. या दुहेरी अर्थामुळेच मराठीत प्रतिशब्द निवडताना विचार करावा लागतो. कारण मराठीत ठिपका अंगचा असतो, तर डाग बाहेरून पडतो.

या शब्दाचे नकारार्थी रूप 'इमॅक्युलेट' मात्र सर्वश्रुत आहे. त्याला मराठीत 'निष्कलंक' हा चपखल शब्द आहे. 'निष्कलंक' रूढ असूनही 'कलंकित' हा शब्द मराठीत मुख्यतः चारित्र्याविषयी वापरला जातो; फळाला किंवा पाखराला कोणी कलंकित म्हणत नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होईल. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूर तालुक्यातील भिगवण परिसरात 'स्पॉट-बिल्ड डक' हे बदक आढळते. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि मुळाशी लाल ठिपके असतात. मराठीने त्याला 'हळदी-कुंकू बदक' असे नाव दिले. येथे ठिपका हे भूषण आहे. 'चितळ' हे नावही असेच. त्याचे मूळ संस्कृत 'चित्रल', म्हणजे चित्रविचित्र अंगाचे. अशा ठिकाणी 'डागाळलेले' हे भाषांतर सर्वस्वी चुकीचे ठरेल.

याच भागातील डाळिंबाच्या बागेत मात्र ठिपका दिसणे ही धोक्याची सूचना असते. 'तेल्या' हा जिवाणूजन्य रोग पडला, की पाने, फांद्या व फळे यांवर तेलकट, पाणीदार डाग उमटतात. पुढे ते काळपट होतात आणि फळ तडकते. पावसाचे उडणारे थेंब, रोगट कलमे व छाटणीची कात्री यांमार्फत रोग पसरतो आणि वर्षभराचे उत्पन्न हातचे जाते. अशा फळाला 'मॅक्युलेट' म्हटले, तर त्याचा अर्थ 'डागाळलेले' असाच घ्यावा लागेल.

उलट ज्वारीवरील मावा फस्त करणाऱ्या एका मित्रकिडीचे शास्त्रीय नाव 'चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा' आहे. 'सेक्समॅक्युलाटा' म्हणजे सहा ठिपक्यांची. या नावात दोषाचा लवलेशही नाही. तिला रोगाचे लक्षण समजून फवारणी केली, तर शेतकरी आपल्याच मदतनीसाला मारतो.

वैद्यकातही हे मूळ आढळते. डोळ्याच्या पडद्यावरील ज्या भागामुळे सूक्ष्म तपशील दिसतो, त्या पीतबिंदूला 'मॅक्युला' म्हणतात. त्वचेवरील सपाट, रंग बदललेल्या लहान डागाला 'मॅक्युल' म्हणतात. पहिल्याचा ऱ्हास झाला तर दृष्टी मंदावते, दुसऱ्याचे कारण शोधावे लागते.

तात्पर्य, प्राणी, पक्षी व कीटक यांच्या अंगच्या नक्षीसाठी 'ठिपकेदार'. रोग, मळ वा इजा यांमुळे उमटलेल्या खुणेसाठी 'डागाळलेले'. आणि चारित्र्यासाठी 'कलंकित' हे प्रतिशब्द योजावेत. इंग्रजी लेखनात सर्वसाधारण वर्णनाला 'स्पॉटेड' पुरेसा आहे. 'मॅक्युलेट' हा शब्द वाङ्मयीन वा शास्त्रीय लेखनातच शोभतो, आणि त्यात मालिन्याची छटा असते, हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.