अनेकांनी मिळून केलेले गणित

झांशीच्या सदर बाजारात चार दुकानदार आहेत, प्रत्येकाची चोपडी त्याच्याच गादीवर आहे आणि दुसऱ्याच्या चोपडीत डोकावण्याची कोणासही मुभा नाही, अशी कल्पना करू. या चौघांनी मिळून एकच ताळेबंद करावयाचा तर काय होईल? प्रत्येक जण आपली बेरीज झटपट उरकील. पण दुसऱ्याचा आकडा हवा असला की चिठ्ठी धाडून उत्तराची वाट पाहत बसेल. ताळेबंदाचा वेळ मग बेरजेपेक्षा चिठ्ठीवरच अवलंबून राहील. आपल्या देशातील महासंगणकाची कथा फार अंशी या चिठ्ठीची कथा आहे.

१९८० नंतरच्या दशकात अतिवेगवान संगणक भारतास देण्यास अमेरिका नाखूष होती. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचे एक यंत्र तिने दिले, तेही कडक अटी घालून. अशा वेळी १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. वऱ्हाडात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक. एकच बलाढ्य प्रक्रियक घडविण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडावे, हा मार्ग संस्थेने पत्करला. १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

त्यातील प्रक्रियक इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे. त्यांस ट्रान्सप्यूटर म्हणत. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती आणि प्रत्येकास शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. एका दुव्यातून सेकंदाला दोन कोटीपर्यंत बिट जाऊ शकत. नियम असा, की देणारा व घेणारा दोघेही सिद्ध झाल्यावाचून निरोप पोचावयाचा नाही. दोघेही ‘आधी माझे घे’ म्हणून अडून बसले, तर यंत्र शाबूत असूनही काम कायमचे ठप्प होई. दूरचा निरोप मधल्या प्रक्रियकांच्या हातून पुढे सरके आणि त्यांचाही वेळ खाई.

मग प्रक्रियक वाढविले की वेग त्याच प्रमाणात वाढतो काय? हवामानाच्या नकाशाचा एक चौकोन एका प्रक्रियकाकडे सोपविला असे समजा. चौकोनाच्या प्रत्येक बाजूस १०० बिंदू असतील, तर एकूण १०,००० बिंदूंपैकी सीमेवरचे केवळ ३९६. शेजाऱ्यास कळवावयाचे ते तेवढेच. तोच चौकोन प्रत्येक बाजूस १० बिंदूंचा केला, तर १०० पैकी ३६ बिंदू सीमेवर येतात. काम जितके बारीक वाटावे, तितका कामापेक्षा निरोपांचा व्याप अधिक. म्हणून काम कसे विभागावे आणि कोणास कोणाच्या शेजारी बसवावे, हाच या शास्त्रातील खरा प्रश्न ठरला. ‘परम ८०००’ मधील जोडणी कामाच्या स्वरूपानुसार बदलता येत असे, ती याच कारणासाठी.

पुढे सी-डॅकने ‘परम’ मालिकेसाठी ‘परमनेट’ हे जलद जाळे स्वतः घडविले. प्रक्रियक परदेशचे होते. परंतु त्यांस एकमेकांशी बोलते करण्याची विद्या येथे हस्तगत करावी लागली. प्रक्रियक पैसे देऊन आणता आले. ही विद्या मात्र अनुभवानेच मिळवावी लागली. नकारातून देशाच्या पदरी पडलेला मोठा लाभ तो हाच.